आधी चासी मोज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू आणि क्लीनर दोघंही धडधाकट घरी पोचलात, हे आक्कानं फोनवर सांगितलं आणि जीव भांड्यात पडला. कणकुंबीच्या पुढं, चोर्ल्याच्या उतारावर, भरली पिकअप पावसात घसरून कठड्याला धडकते आणि आतल्या माणसांना साधं खरचटतही नाही, ही देवाची कृपा. बाकीचं बघता येईल.

फोटो बघितले. बोनेट, रेडिएटर, बंपर, पुढची काच, डावं दार, सगळं गेलंय. फोटोत पत्रा तेवढा दिसतो, आणि पत्र्यावरून अशा गाडीचा निकाल लावू नये. थोरला म्हणतो भंगारात घाल, आक्का म्हणते दाजींनी घेतलेली गाडी आहे, उभी कर. दोघांनाही चार दिवस दम धरायला सांग. गॅरेजवाल्यानं काढलेला एक लाख चाळीस हजारांचा आकडाही तोवर बाजूला ठेव.

विम्याचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एक बोल्टसुद्धा खोलू द्यायचा नाही. मापं मात्र न खोलता घेता येतात, ती तू स्वतः घे. गाडी सपाट काँक्रीटवर उभी कर, टायरांची हवा सारखी कर. चासीच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही लांब पट्ट्यांना कंपनीनंच पाडलेली जोडीची भोकं असतात. पुढची एक जोडी, केबिनखालची एक, हौद्याखालची एक अशी निवड. प्रत्येक भोकातून गवंड्याचा ओळंबा सोड आणि खाली जमिनीवर खडूनं खूण कर. मग गाडी ढकलून बाजूला घे आणि टेपनं तिरकी मापं काढ: पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. चासी सरळ असेल तर दोन्ही मापं जुळतात. पाच-सहा मिलिमीटरचा फरक खडूच्या रेघेतही येतो, त्याला घाबरू नकोस. बोटभर फरक आला तर चासी सरकली आहे.

कुठं सरकली, ते त्याहून महत्त्वाचं. बंपर जिथं बसतो त्या पुढच्या टोकाला वाकली असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत प्रेस लावून थंडच सरळ करणारे कारागीर आहेत. केबिनच्या मागं किंवा पाट्याच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी वळली असेल, तिथं रंग तडकून बारीक चीर दिसत असेल, तर माझ्या मतानं ती गाडी सोडावी. तिथं गॅस मारून लाल करतात आणि ठोकून सरळ करतात. दिसायला सरळ होते, पण पोलादाची ताकद गेलेली असते. पुन्हा रताळ्यांची पोती भरून त्याच घाटात उतरायचं आहे तुला. दुसऱ्या गाडीची अर्धी चासी कापून जोडून देतो असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून तिथून उठ. तो जोड भर ओझ्याखाली कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि चासी नंबरचा घोळ आरटीओत निघाला की गाडी पासिंगलाच अडकते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळं चांगल्या गाड्या भंगारात गेलेल्या मी बघितल्यात. धडकेत कधीकधी पाट्याचा सेंटर बोल्ट तुटतो आणि अख्खा अ‍ॅक्सल मागं सरकतो. गाडी तिरकी चालते, एका बाजूचं चाक मडगार्डला लागतं, आणि सगळे म्हणतात चासी गेली. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घे. हे अंतर जुळत नाही पण ओळंब्याची तिरकी मापं जुळतात, असं झालं तर दोष पाट्याचा किंवा अ‍ॅक्सलचा. ते काम किरकोळ आहे.

खाली शिरलायसच तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं चासीच्या आतल्या कडा टोचून बघ. जांबोटीकडच्या पावसाचा लाल चिखल तिथं वर्षानुवर्षं साचतो आणि पत्रा आतून खातो. टोक आत गेलं तर अपघात नसता झाला तरी ही गाडी फार चालली नसती.

इंजिनाबद्दल क्लीनरला नीट विचार: रेडिएटर फुटल्यावर इंजिन किती वेळ चालू होतं? लगेच बंद केलं असेल तर चिंता नाही. पाण्याविना चाललं असेल तर हेड गेलेलं असू शकतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर आकड्यात हेडचं काम धरूनच बोल.

आता पैसे. समज, तुझ्याच मॉडेलची चांगली चालती पिकअप बाजारात तीन लाखाला मिळते, आणि तुझी ठोकलेली आहे तशी ऐंशी हजारांना जाते. मग दुरुस्तीचा खर्च एक लाख चाळीस हजार नाही, दोन लाख वीस हजार आहे. कारण ती ऐंशी हजारांची वस्तू तू दुरुस्तीत घालतोयस. शिवाय खोलल्यावर काम निघतंच, म्हणून अंदाजात पाव भाग वाढव, म्हणजे झाले दोन लाख पंचावन्न. महिनाभर गाडी उभी राहील, तेवढ्या गोव्याच्या फेऱ्या बुडतील किंवा भाड्याच्या गाडीनं कराव्या लागतील, तेही लिही. तीन लाखाच्या जवळ पोचलास की दुरुस्तीत राम नाही. बरंच खाली राहिलास तर दुरुस्त कर, कारण या गाडीचं क्लच कधी बदललं, गिअरबॉक्स कुणी उघडला, हे तुला ठाऊक आहे. परक्या जुन्या गाडीबद्दल फक्त विकणाऱ्याचा शब्द असतो.

विम्यावर फार भिस्त ठेवू नकोस. फुल इन्शुरन्स असला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवरही ५० टक्के. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत जादा हप्ता भरून आयएमटी २३ हे जोडकलम घेतलं नसेल तर बंपर, मडगार्ड, बोनेट, दिवे, रंगकाम यांचे पैसे मिळत नाहीत, आणि तुझं नुकसान बरंचसं तिथंच आहे. पॉलिसी काढून तेवढी ओळ आज बघ. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, धरते. जुन्या गाडीची आयडीव्ही कमी असते, त्यामुळं हे लवकर होतं. तसं झालं तर ठोकलेली गाडी कंपनी नेणार की तिची किंमत कापून तुझ्याकडं ठेवणार, हे सही करण्याआधी लेखी घे.

दुसरी घ्यायची ठरली तर कोल्हापूरची गाडी स्वस्त पडते म्हणून धावत जाऊ नकोस. तिथल्या एमएच-०९ ची गाडी बेळगावची केए-२२ करायला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवावा लागतो, आणि कर्नाटकाचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. हे सगळं धरून भाव पडत असेल तरच घे. आणि ओळंबा बरोबर ने, तीच मापं तिथंही काढ.

आणि जुनी सोडायची ठरली, तर आरसीसकट कुणाच्या हवाली करू नका. तिचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढला तर पोलिस दाजींच्या नावानं तुमच्या दारात येतील. गाडी पुन्हा चालण्यासारखी उरली नसेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये ते आहे. आरसी अजून दाजींच्याच नावावर असेल तर विकण्याआधी ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल. आक्काला मृत्यूचा दाखला काढून ठेवायला सांग.

मापं कागदावर उतरवून मला फोटो पाठव. रविवारी मी येतोच आहे, ओळंबा नसेल तर माझा घेऊन येतो.

तुझा,
मामा