व्हॉइसमेल सर्व्हरला कुठली आयएसओ (इन्स्टॉल करायची इमेज फाइल) घेऊ?

प्रश्न: म्हापशात आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे, रात्री रिसेप्शनवर कोणी नसतं म्हणून जुन्या पीसीवर डेबियन 12 (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम) आणि अ‍ॅस्टरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) टाकून व्हॉइसमेल चालू करायचंय. पण नेटइन्स्ट, डीव्हीडी, लाइव्ह अशा ढीगभर फायली दिसतात, नेमकी कुठली? पावसात इथे नेट आणि लाइट दोन्ही सारखे जातात.

उत्तर: लाइव्ह सोडूनच द्या, ती डेस्कटॉप चालवून बघायला. नेटइन्स्ट एक जीबीच्या आतली, पण बाकीचं सगळं नेटवरून ओढते, डीव्हीडी-1 चार जीबीच्या आसपास, तिच्यावरून बेसिक सिस्टम नेट नसतानाही बसते. तुमच्याकडे पावसाचं असं असेल तर मी डीव्हीडीच घेईन. मात्र मेख अशी की डेबियन 12 च्या रिपॉझिटरीत (तयार सॉफ्टवेअरच्या भांडारात) अ‍ॅस्टरिस्क नाहीच, सोर्स कोड आणून कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम आपणच बनवायचा, तेव्हा नेट लागणारच आणि यूपीएस असलेला बरा.

फाइलच्या नावात एएमडी64 बघून घाबरू नका, इंटेलच्या 64 बिट मशीनलाही तीच चालते. पेनड्राइव्हवर टाकण्याआधी एसएचए512 चेकसम (फाइल पूर्ण आहे का ते सांगणारा कोड) साइटवरच्याशी जुळवा, अर्धवट उतरलेल्या फाइलमागे उगाच रात्र जाते. सॉफ्टवेअर निवडायच्या स्क्रीनवर डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करायला) आणि स्टँडर्ड युटिलिटीज बस्स.

अ‍ॅस्टरिस्क ब्राउझरमधून चालवायला वेब स्क्रीन हवीच असेल तर फ्रीपीबीएक्स 17 डेबियन 12 वरच बसतं. त्याची जुनी आयएसओ कोणी दिली तर घेऊ नका, ती सेंटओएस 7 (दुसरं एक लिनक्स) च्या घराण्यातली आणि सेंटओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला.