गीझर गळतोय? आधी वीज बंद करा

नवीन घर, पहिलाच गीझर आणि खाली टपटप पाणी, म्हटल्यावर घाबरायला होणारच. पण फडकं हातात घेण्याआधी गीझरचा एमसीबी (मीटरच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच) पाडा. ओल्या हातांनी बटणाला अजिबात हात लावू नका. मग इनलेटचा, म्हणजे गीझरमध्ये पाणी येणाऱ्या पाइपचा कॉक बंद करा.

आता गळती नेमकी कुठून आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त पाणी तापताना थेंब पडत असतील तर तो बिघाड नाही. पाणी तापलं की प्रसरण पावतं, जास्तीचा दाब तिथून सुटतो. ते तोंड एम-सीलने कधीही बुजवू नका, प्लंबरने सुचवलं तरी! टाकी फुटू शकते. थेंब सतत पडत असतील तर दाब तपासून घ्या. दर 10 मीटर उंचीमागे दाब साधारण 1 बारने (बार हे दाबाचं माप) वाढतो, त्यामुळे टॉवरच्या खालच्या मजल्यांवर गच्चीतल्या टाकीचा दाब बराच येऊ शकतो. सोसायटीत पाण्याचा दाब कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह आहे का, विचारा.

कनेक्शन पाइपचा वॉशर गेला असेल तर काम किरकोळ. एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या) गॅस्केटमधून, म्हणजे रबरी सीलमधून गळत असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा, आणि उघडलंच आहे तर अ‍ॅनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी) बघायला सांगा. टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे जास्त महत्त्वाचं, कारण तिथे क्षार भराभर साचतात.

आतली टाकीच गंजली असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. वॉरंटी कार्ड शोधा. टाकीची वॉरंटी बहुतेक वेळा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते.