पहिल्या लोकसभेचे सभासद आणि नेते: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: पहिल्या लोकसभेत सभासद नेमके किती होते? कुठे ४८९ वाचायला मिळते, तर कुठे ४९९.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. १९५१-५२च्या निवडणुकीत मतदारांनी ४८९ सभासद निवडून दिले आणि राष्ट्रपतींनी १० जणांची नियुक्ती केली. त्यांत जम्मू-काश्मीरचे ६, अँग्लो-इंडियन समाजाचे २, आसामच्या आदिवासी भागाचा १ आणि अंदमान-निकोबारचा १ असे सभासद होते.

मात्र ४८९ जागा म्हणजे ४८९ मतदारसंघ नव्हेत. मतदारसंघ ४०१ होते. त्यांतील ३१४ एकसदस्यीय, ८६ द्विसदस्यीय, तर उत्तर बंगालचा एक मतदारसंघ तीन सदस्यांचा होता. द्विसदस्यीय मतदारसंघात एक जागा राखीव असे आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसून, ज्याचे चिन्ह चिकटवलेले असेल त्या उमेदवाराच्या पेटीत ती टाकायची होती. म्हणजे मतदान केंद्रावर जितके उमेदवार तितक्या पेट्या मांडलेल्या असत.

प्रश्न: डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या लोकसभेत का नव्हते?

उत्तर मुंबई या द्विसदस्यीय मतदारसंघात राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. सर्वसाधारण जागा काँग्रेसच्याच व्ही. बी. गांधी यांनी जिंकली आणि समाजवादी अशोक मेहता हरले. हजारो मते बाद झाल्याने बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक याचिकाही दाखल केली, पण निकाल बदलला नाही. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत दोघे पुन्हा उभे राहिले. मेहता सर्वसाधारण जागेवरून लोकसभेत पोहोचले; बाबासाहेबांना मात्र राखीव जागेवर दुसऱ्यांदा पराभव पत्करावा लागला. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना त्याच घटनेनुसार निवडल्या गेलेल्या पहिल्या लोकसभेत जागा मिळू नये, ही खंत मला आजही वाटते. ते राज्यसभेचे सभासद झाले, तेव्हा संसद त्यांच्या आवाजाला सर्वस्वी मुकली नाही.

प्रश्न: पहिले अध्यक्ष मराठी होते, हे खरे का? त्यांची निवड बिनविरोध झाली होती का?

गणेश वासुदेव मावळणकर घराण्याने कोकणातले. त्यांचा जन्म बडोद्याचा, आणि वकिली व सार्वजनिक कार्य अहमदाबादचे. अहमदाबादहूनच ते निवडून आले. त्यांची निवड बिनविरोध झाली नाही. १५ मे १९५२ रोजी त्यांच्यासमोर शेतकरी कामगार पक्षाचे सोलापूरचे खासदार शंकरराव मोरे उभे होते आणि मावळणकरांना ३९४, तर मोरे यांना ५५ मते मिळाली. पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी समोरासमोर आलेले दोघेही मराठी होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे.

या निवडीपेक्षाही मोलाचा प्रसंग डिसेंबर १९५४ मधला आहे. अध्यक्षांचे निर्णय पक्षपाती असतात, असा आक्षेप घेऊन विरोधकांनी मावळणकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. नियमाप्रमाणे उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी त्या वेळी अध्यक्षस्थान सांभाळले. काँग्रेसच्या सभासदांवर पक्षादेश बजावलेला नाही, त्यांनी आपल्या मनाप्रमाणे मत द्यावे, असे नेहरूंनी सभागृहात सांगितले. ठराव फेटाळला गेला. ३६४ खासदार पाठीशी असलेल्या पक्षाला तो चर्चेविना गुंडाळता आला असता; पण चर्चा झाली, विरोधकांना मन मोकळे करता आले, आणि अध्यक्षपदाची प्रतिष्ठा त्यामुळे वाढलीच असे माझे मत आहे.

प्रश्न: विरोधी पक्षनेते कोण होते?

अधिकृत मान्यता मिळालेला विरोधी पक्षनेता त्या लोकसभेत नव्हता. सभागृहाच्या एकदशांश सभासद असल्याशिवाय पक्ष म्हणून मान्यता नाही, असा दंडक मावळणकरांनीच घातला होता, आणि काँग्रेसखालोखाल असलेल्या कम्युनिस्टांचे निवडून आलेले सभासद अवघे १६ होते. त्यांचे नेतृत्व ए. के. गोपालन यांच्याकडे होते. श्यामाप्रसाद मुखर्जींनी लहान पक्षांचा एक गट बांधला, पण जून १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञ मेघनाद साहा कोलकात्याहून अपक्ष म्हणून आले होते. हिरेन मुखर्जी, सुचेता कृपलानी, रेणू चक्रवर्ती यांच्यासारखे सभासद असल्याने विरोधी बाके संख्येने तोकडी असली तरी बोलण्यात तोकडी नव्हती.

आणि विरोध काही विरोधी बाकांवरूनच होत होता असेही नाही. कुलाब्याहून निवडून आलेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून मंत्रिपद सोडले. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी मंत्रिमंडळात विचारविनिमय न करता निर्णय झाल्याचे आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी नाकारली गेल्याचे आरोप थेट पंतप्रधानांसमोर केले. सत्ताधारी बाकावरच्या माणसाने सभागृहालाच साक्षी ठेवून इतके स्पष्ट बोलावे, याचे मोल संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत वाढलेल्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न: मावळणकरांनी पाच वर्षे पूर्ण केली का?

नाही. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. ८ मार्चला अय्यंगार अध्यक्ष झाले. मोकळ्या झालेल्या उपाध्यक्षपदावर सभागृहाने विरोधी बाकांवरचे सरदार हुकुमसिंग यांना एकमताने निवडले. अहमदाबादच्या रिकाम्या जागेवर मावळणकरांच्या पत्नी सुशीलाबाई निवडून आल्या आणि एप्रिल १९५७ मध्ये लोकसभा विसर्जित होईपर्यंत त्या सभासद होत्या.