ओमत्सिख्त यांना मेल करण्याआधी तुमची फाइल लावा

नमस्कार ताई. तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. दोन वर्षांचा पाळणाघर भत्ता, म्हणजे मुलाच्या पाळणाघराच्या खर्चासाठी डच सरकार देतं ते पैसे, परत मागणारं पत्र आलंय, पालक आणि सांभाळणाऱ्या बाई यांच्यामधला मध्यस्थ ब्युरो वार्षिक हिशेब देत नाही, फोनवर दर वेळी नवा माणूस नवं उत्तर देतो. आमच्या घरात काही वर्षांपूर्वी नेमकं हेच चाललं होतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की ज्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक खासदारांमुळे डच सरकार पडलं, त्यांना मेल केली तर उपयोग होईल का.

आधी त्याचंच उत्तर देते. पीटर ओमत्सिख्त आता संसदेत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राजकारण सोडलं. दुसरं म्हणजे, लोक त्यांना प्राध्यापक म्हणतात, पण ते मुळात अर्थमितीचे, म्हणजे आकडेवारीने अर्थशास्त्र तपासणाऱ्या शाखेचे, संशोधक. इंग्लंडमध्ये एक्सेटरला अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकले, फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमधून २००३ साली डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाकडून, म्हणजे सीडीएकडून, खासदार झाले. तरीही तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलंत हे बरं झालं. तुमच्या प्रकरणात नक्की काय करायचं ते त्यांच्या कारकिर्दीतून जितकं कळतं तितकं कुठल्या माहितीपत्रकातून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

(मी वकील नाही, कर सल्लागारही नाही. खालचं सगळं एका पालकाचा अनुभव आणि सार्वजनिक माहिती म्हणून वाचा. डिजीडी म्हणजे सरकारी लॉगिन, पाळणाघराचा नोंदणी क्रमांक, दोघांचं उत्पन्न वेळच्या वेळी बदलणं, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.)

ओमत्सिख्त हे काही गर्दी खेचणारे वक्ते नव्हेत. निवृत्तिवेतन आणि कर हे त्यांचे विषय. २०१२ च्या निवडणुकीत पक्षाने त्यांना यादीत ३९ व्या जागेवर ठेवलं आणि पक्षाला जागा मिळाल्या १३. यादीच्या हिशेबाने ते घरी बसायचे, पण इथे मतदार यादीतल्या एखाद्या विशिष्ट माणसालाच मत देऊ शकतो आणि त्यांना अशी छत्तीस हजारांवर मतं पडली. म्हणजे पक्षाने मागे ढकललेल्या माणसाला मतदारांनी थेट आत नेलं. २०२१ मध्ये हाच आकडा ३ लाख ४२ हजारांवर गेला.

मधल्या काळात काय झालं, तर पाळणाघर भत्ता घोटाळा. २०१३ मध्ये काही टोळ्यांनी बल्गेरियन लोकांच्या नावावर भत्ते लाटल्याचं उघड झालं, संसदेत गदारोळ झाला आणि सगळ्याच पक्षांना कडक कारवाई हवीशी वाटली. त्या कडकपणात सापडले ते सामान्य पालक. आइंडहोव्हनच्या एका मध्यस्थ ब्युरोच्या ग्राहकांवर कर खात्याने २०१४ मध्ये सरसकट संशय घेतला आणि भत्ता बंद झाला. कोणाची सही राहिली होती, कोणाकडे स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरल्याचा पुरावा नव्हता. तेवढ्या कारणावरून अख्ख्या वर्षाचा भत्ता परत मागितला गेला, कोणाकडून दहा हजार, कोणाकडून कितीतरी जास्त. चूक शंभर युरोंची आणि वसुली सगळ्या रकमेची. देशातलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठसुद्धा ऑक्टोबर २०१९ पर्यंत हेच योग्य धरत होतं. घरं गेली, नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. दुहेरी नागरिकत्वाची नोंद ज्या पद्धतीने वापरली गेली ती बेकायदा होती, हे माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये लिहून दिलं. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या कुटुंबांनी हे वाक्य विसरू नये.

त्या पालकांसाठी पहिल्यांदा उभ्या राहिल्या एव्हा गोन्सालेस पेरेस नावाच्या वकील. राष्ट्रीय लोकपालांनी २०१७ मध्ये २३२ कुटुंबांबद्दल अहवाल दिला. पुढे ‘त्राउ’ दैनिक आणि आरटीएल वाहिनीच्या पत्रकारांनी विषय लावून धरला, आणि संसदेत ओमत्सिख्त आणि समाजवादी पक्षाच्या रेन्स्के लायटन. एक सत्ताधारी आघाडीतला, एक विरोधातली. श्रेय एकट्या ओमत्सिख्तांना देणाऱ्यांचा मला राग येतो. लायटनबाईंचं नाव आपल्या लोकांना माहीतच नसतं.

आता मुद्द्याचं. ओमत्सिख्त करत काय होते? लेखी प्रश्न विचारत होते. उत्तर आलं की त्यातल्या तारखा आधीच्या उत्तराशी ताडून बघायचे, फरक दिसला की पुन्हा लेखी प्रश्न. डच राज्यघटनेचं कलम ६८ सांगतं की खासदाराने माहिती मागितली तर मंत्र्याने ती द्यायची, देशहिताला बाधा येत असेल तरच नाकारायची. या एका कलमावर हा माणूस वर्षानुवर्षं अडून बसला. पालकांना त्यांच्याच फाइली मिळाल्या त्या पानंच्या पानं काळी केलेल्या. संसदेला कागद मिळायचे ते अर्धे. कर खात्याच्याच कायदा सल्लागार सान्द्रा पाल्मेन यांनी मार्च २०१७ मध्येच खात्याला लिहून दिलं होतं की पालकांशी चुकीचं वागलंय, भरपाई द्या. ते टिपण बाहेर आलं २०२० मध्ये. मधली तीन वर्षं ज्यांची गेली त्यांना ती कोण परत देणार? अर्थखात्याचे राज्यमंत्री मेन्नो स्नेल यांनी डिसेंबर २०१९ मध्ये राजीनामा दिला, संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये ‘अभूतपूर्व अन्याय’ या नावाने अहवाल दिला आणि १५ जानेवारी २०२१ ला पंतप्रधान मार्क रुट्टेंचं सरकार पायउतार झालं. बळी ठरलेल्या प्रत्येक पालकाला किमान ३० हजार युरो द्यायचं ठरलं. पुढे पाल्मेनबाईच भरपाईच्या कामाच्या राज्यमंत्री झाल्या, ओमत्सिख्त यांच्या नव्या पक्षाकडून.

सरकार पाडलं ते भाषणांनी नव्हे. लेखी विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि दोन लेखी उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर कोणीतरी जबाबदार धरला जातो, एवढ्या एका गोष्टीने ते पडलं. तुमच्या प्रकरणाला हे जसंच्या तसं लागू आहे.

आमचं काय झालं ते सांगते. आमची मुलगी नोंदणीकृत बाईंकडे, त्यांच्या घरी जायची. तुम्हाला माहीतच आहे, अशा व्यवस्थेत पैसे थेट बाईंना देत नाहीत, ब्युरोमार्फत जातात. म्हणजे किती तास, दर काय, बाईंना किती गेले आणि ब्युरोची फी किती, हे सगळं फक्त ब्युरोच्या वार्षिक हिशेबात असतं. तो हिशेब आमच्या ब्युरोच्या कार्यालयाने दिलाच नाही. नाव घेत नाही, नाव घेऊन आता काही साधणार नाही. फोन केला की गोड आवाजात सांगायचे, सगळं वर पाठवलंय, काळजी करू नका, पोर्टलवर येईल. पोर्टल बंद पडलं. मग म्हणाले, पोस्टाने पाठवलंय. मग म्हणाले, ज्या सहकारी बघत होत्या त्या आता इथे नाहीत. मेल पाठवली की उत्तर यायचं, ‘कृपया फोन करा’. आज मागे वळून बघताना ते वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. फोनवर बोललेल्या एका शब्दाचा पुरावा राहत नाही आणि ते कार्यालय नेमकं तेच जपत होतं.

दरम्यान वसुलीचं पत्र आलं. आम्ही हप्ते बांधून घेतले, भारतात जायची तिकिटं रद्द केली, सासऱ्यांच्या ऑपरेशनला नवरा एकटाच गेला. ब्युरोतल्या एका माणसाने एक पान छापून सही करून दिलं असतं तर यातलं काही झालं नसतं. पैसे पुढे बरेचसे सुटले, पण त्या कार्यालयातून कधी कोणाचा दिलगिरीचा शब्द आला नाही. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो, असो.

शेवटी उपयोगी पडलं ते एवढंच. ब्युरोला रजिस्टर्ड पत्र पाठवलं, त्यात चार नेमके प्रश्न क्रमांक घालून: अमुक वर्षात नोंदलेले तास किती, तासाचा दर किती, आमच्याकडून मिळालेली एकूण रक्कम किती, त्यातली बाईंना दिलेली किती. सोबत उत्तराची शेवटची तारीख. आडवळणाचं उत्तर आलं, पण लेखी आलं, आणि त्यातला एक आकडा आमच्या बँकेच्या खात्याशी तंतोतंत जुळत होता. त्या एका आकड्यावर वसुलीच्या निर्णयावरचा आमचा आक्षेप उभा राहिला. तुम्हीही बँकेची उताऱ्यांची पानं आजच काढून ठेवा, जुनी वर्षं ऑनलाइन दिसेनाशी होतात. सांभाळणाऱ्या बाईंशी संबंध चांगले असतील तर त्यांच्याकडचा हिशेबही मागा, त्यांना वर्षाकाठी स्वतःच्या करासाठी तो ठेवावाच लागतो.

फोन करावाच लागला तर ठेवल्या ठेवल्या एक मेल पाठवा: आज इतक्या वाजता आपलं बोलणं झालं, आपण असं सांगितलंत, चूक असेल तर कळवा. लोक म्हणतील, एवढं काय ताणायचं, माणसं चांगली असतात. असतील. पण चांगल्या माणसाला हे लिहून द्यायला काहीच अडचण नसते.

कुणीतरी तुमच्या पोस्टखाली लिहिलंय की आता घोटाळा संपला, सगळं दुरुस्त झालंय, निर्धास्त राहा. मला हे पटत नाही. नियम मऊ झाले, आता छोट्या चुकीसाठी अख्खी रक्कम जाऊ नये ही भूमिका आहे, हे खरं. पण पुरावा द्यायचा तो पालकानेच. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ‘आपण परदेशी म्हणूनच’ असंही पहिल्या दिवसापासून धरून बसू नका. बऱ्याचदा उत्पन्नाचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतल्या फरकामुळेही परत मागणी होते. आधी पत्रातलं कारण नीट वाचा. डच येत नसेल तर अनुवादाच्या अॅपवर विसंबू नका, ऑफिसमधल्या एखाद्या डच सहकाऱ्याला दाखवा. ते लोक मदत करतात, आपणच संकोचतो.

ओमत्सिख्त यांच्याबद्दल अजून एक, कारण खाली कोणीतरी त्यांना देवच करून टाकलंय. त्यांच्याकडूनही चुका झाल्या. २०१७ मध्ये, युक्रेनवर पाडल्या गेलेल्या एमएच १७ विमानाच्या प्रकरणात, एका अविश्वसनीय साक्षीदाराला पुढे आणल्याबद्दल त्यांना तो विषय सोडावा लागला. मार्च २०२१ मध्ये सरकार स्थापनेच्या टिपणाचा फोटो बाहेर आला, त्यावर लिहिलं होतं, ‘ओमत्सिख्त यांचं स्थान, दुसरीकडे पद’. त्या प्रकाराने हा माणूस खचला, आजारी रजेवर गेला, पक्ष सोडला. मग २०२३ मध्ये स्वतःचा पक्ष काढला, तीन महिन्यांत १५० पैकी २० जागा. आणि तिथेच बिनसलं, असं मला वाटतं. सरकारला प्रश्न विचारण्याची ताकद वेगळी आणि सरकार चालवण्याची वेगळी. आघाडीच्या भांडणात ते पुन्हा थकले, बाहेर पडले, आणि ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. माझ्या मते त्यांनी खासदारच राहायला हवं होतं. कोणाला पटणार नाही, चालेल.

खासदारांना लिहायचंच असेल तर आजच्या संसदेत सामाजिक भत्त्यांचा विषय बघणारे सदस्य शोधा, पण एका पानात, तारखांसह लिहा. लांबलचक व्यथा वाचायला त्यांच्या साहाय्यकांकडे वेळ नसतो. आणि तेही आक्षेप दाखल केल्यानंतर.

कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. पत्रावरच्या तारखेपासून सहा आठवडे. ब्युरोच्या हिशेबाची वाट बघत बसलात तर ते निघून जातील. वसुलीचं पत्र पाठवणाऱ्या खात्याला आजच एक छोटा आक्षेप पाठवा: निर्णय मान्य नाही, सविस्तर कारणं आणि कागद नंतर देत आहोत, त्यासाठी मुदत मिळावी. असं करता येतं. पोचपावती जपून ठेवा. उत्पन्न कमी असेल तर मोफत कायदा सल्ला केंद्रात जा, नसेल तर तासाभराचे पैसे देऊन भत्त्यांची प्रकरणं बघणारा वकील गाठा, साधा कर सल्लागार नको. पत्रातली कारणाची ओळ इथे टाका, बीएसएन म्हणजे तुमचा नागरिक क्रमांक आणि पत्ता झाकून. मी संध्याकाळी बघते.