गोळी घ्यायला उशीर झाला, म्हणून गर्भ राहिला नाही का?

गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, म्हणजे बीटा-एचसीजीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि काही दिवसांनी एक जोडपं भेटायला आलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या हातात औषधांच्या वेळा लिहिलेली छोटी वही होती. एका ओळीभोवती लाल पेनाने इतक्यांदा गोल केला होता की कागद फाटायला आला होता. प्रोजेस्टेरॉनची (गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार करणाऱ्या हॉर्मोनची) योनीमार्गात ठेवायची रात्री १० ची गोळी पावणेबाराला ठेवली गेली होती. "डोळा लागला हो माझा. तेवढ्यानंच गेलं ना सगळं?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो, आणि दर वेळी जीव तुटतो.

हॉर्मोन देऊन केलेल्या फ्रोझन ट्रान्सफरमध्ये (गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्यात) आधी एस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढवतात. ते साधारण ७ मिलिमीटर किंवा जास्त झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं, आणि पाच दिवसांचा भ्रूण (ब्लास्टोसिस्ट) बहुतेकदा प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी आत सोडतात. काटेकोर असतं ते हे दिवसांचं गणित. योनीमार्गातलं औषध अस्तरात चांगलं मुरलेलं असतं. एका रात्री पावणेदोन तास उशीर झाला म्हणून ते अस्तर कोसळत नाही. भ्रूण न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण भ्रूणातच असतं: गुणसूत्रांमधला दोष. सूक्ष्मदर्शकाखाली 'चांगल्या ग्रेडचा' दिसणारा भ्रूणही त्यातून सुटत नाही. ट्रान्सफरनंतर जिने चढले, पडून राहिले नाही, यानंही काही बिघडत नाही. "आराम केला नसशील" म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला खरोखर राग येतो.

हे ऐकताना त्यांचे पती वहीकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "त्या रात्री मी जागाच होतो. आठवण करायला हवी होती मी." इतके दिवस दोघं एकाच घरात आपापला दोष एकमेकांपासून लपवून जगत होते. त्यानंतरचा बराच वेळ मी काही बोलले नाही. त्यांनाच बोलू दिलं.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगितली. उशीर झाला तर घाबरायचं नाही, पण औषध मनानं बंदही करायचं नाही. अशा सायकलमध्ये बीज फुटलेलं नसतं, त्यामुळे शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. गर्भ राहिला तरी वार (प्लासेंटा) हे काम हाती घेईपर्यंत, बहुधा १० ते १२ आठवड्यांपर्यंत, ते बाहेरूनच द्यावं लागतं. थोडा रक्तस्राव दिसला तरी आधी डॉक्टरांना फोन करायचा.

त्यांची पाळी नियमित आहे. त्यामुळे पुढच्या वेळी नैसर्गिक सायकलमध्ये, म्हणजे शरीरात आपोआप बीज फुटतं त्या पाळीत, ट्रान्सफर करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला सुचवलं. त्यात गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या त्रासाचं प्रमाण कमी आढळतं.

त्यांचे दोन भ्रूण अजून गोठवलेले आहेत. घाई करावी लागेल का, असं त्यांनी विचारलं. उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये भ्रूणाचं वय वाढत नाही. गोठवताना जे होतं, तेच राहतं. हे कळल्यावर दोघांनी पुढची पाळी तशीच जाऊ द्यायचं ठरवलं.