अमेरिकेत डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्सच्या यंत्रांपुढे ब्लॉकबस्टरसारखी व्हिडिओ दुकाने का टिकली नाहीत?

मुख्य कारण खर्चाचे होते. किराणा दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या लाल यंत्राला ना मोठ्या जागेचे भाडे, ना नोकरांचा पगार. त्यामुळे रेडबॉक्स सुरुवातीची अनेक वर्षे एका रात्रीला 1 डॉलर घेऊन डीव्हीडी देऊ शकले, आणि ती दुसऱ्या गावातील यंत्रातही परत करता येत असे. निवड मात्र तोकडी होती: जुना किंवा परदेशी चित्रपट हवा असल्यास बहुधा दुकानाचीच पायरी चढावी लागे. ब्लॉकबस्टरने 2010 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याचे सगळे खापर यंत्रांवर फोडणे मला पटत नाही. टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवणारी नेटफ्लिक्सची सेवा आणि ब्लॉकबस्टरचे स्वतःचे डोईजड कर्जही तितकेच कारणीभूत होते. गंमत म्हणजे 2024 मध्ये रेडबॉक्सचा कारभार आटोपला, तेव्हा ओरेगनमधील बेंड येथील ब्लॉकबस्टरचे शेवटचे दुकान सुरूच होते.