टीव्ही बघत बघत हस्तकला होते का? होते, पण…

तुमचा प्रश्न असा होता की घरी बसून हस्तकला करणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, कशाकशाची आवड असते आणि टीव्ही बघत बघत खरंच काम होतं का. शेवटच्याचं आधी सांगते. होतं, पण मालिका चांगली नसेल तरच.

गंमत नाही हां. मी वेंगुर्ल्यात राहते, क्रोशे करते, करवंटीच्या वस्तू करते, लग्नसराईत रुखवताच्या ऑर्डरी घेते आणि गेली दोन वर्षं गंजिफासारखे, म्हणजे जुन्या काळी खेळायचे तसे हाताने रंगवलेले, गोल पत्ते करायचा नाद लागलाय. घरात टीव्ही दुपारपासून चालू, कारण सासूबाईंना लागतो, त्यामुळे मला नको असला तरी कानावर पडतोच आणि कुठल्या कामाला कुठला कार्यक्रम जमतो हे आता पाठ झालंय.

क्रोशेला टीव्ही सगळ्यात बरा. साखळी, मुका खांब, खांब एवढे टाके एकदा हाताला कळले की डोळे कुठे का असेनात, हात चालत राहतात. दाराचं साधं तोरण, ज्यात तीच ती ओळ परत परत येते, ते मी कटकारस्थानवाल्या मालिकांवर विणते, चार दिवस बघितलं नाही तरी बाई त्याच जिन्यावर उभी असते. पण गोल रुमाल असला की मोजावं लागतं, कारण दर फेरीला खांब वाढवत न्यायचे असतात, जास्त झाले तर कडेला झालर पडते आणि कमी झाले तर वाटी होते. माझ्या पहिल्या रुमालाची अशीच वाटी झालेली, त्यात आम्ही बरेच दिवस लसूण ठेवत होतो.

आणि मग आली 'रात्रीस खेळ चाले'. 2016 ची गोष्ट. शूटिंग आकेरीला, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या आत, आणि घरात आम्ही बोलतो तसली मालवणी रोज रात्री टीव्हीवर! आमच्या वाडीत काही जण चिडलेले पण, कोकण म्हणजे काय नुसती भुतंच का वगैरे, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, पण तेही बघायचे. 2019 च्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक नुसता झोपाळ्यावर बसून बघायला लागला की माझी सुई जागच्या जागी थांबायची. एका रात्रीत सात फेऱ्या चुकल्या, त्याही ऑर्डरच्या टेबलक्लॉथच्या, सकाळी सगळं उसवत बसले. तेव्हापासून माझं माप ठरलंय, मालिका किती चांगली ते उसवावं किती लागलं यावरून ठरवायचं. त्यातला पांडू 'इसारलंय', म्हणजे विसरलो, म्हणायचा ना, ते आमच्या घरात अजून चालतं. मुलगी मुद्दाम मध्येच विचारते, "आई, किती खांब झाले?" आणि मी खरंच विसरलेली असते.

करवंटीचं काम मात्र टीव्हीपुढे होत नाही. एक तर धूळ, नाकातोंडात जाते, तोंडाला फडकं बांधूनच बसावं लागतं, आणि दुसरं म्हणजे खरवडायचा आवाज. ते खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणात. लोकांना वाटतं करवंटी फुकट मिळते म्हणजे सोपं काम, पण आधी नारळ नीट निवडायला लागतो, चांगला सुकलेला, हलवला की आत गोटा वाजणारा, म्हणजे खोबरं आपोआप सुटून येतं. कोयत्याच्या पाठीने मधोमध गोल फिरवत हळूहळू ठोकायचं, एकाच जागी जोरात मारलंत की गेली करवंटी चुलीत. मग वरचे केस काढायला फुटक्या काचेचा तुकडा, त्यासारखं दुसरं काही नाही (हाताला जाड कापड गुंडाळून हां, माझ्या अंगठ्यावर खूण आहे). त्यानंतर पॉलिशपेपर, 80 नंबरपासून 120, 220 करत 400 पर्यंत, आणि 400 ला पोचलं की ती काळीभोर चकाकायला लागते, वर थोडं खोबरेल चोळलं की झालं, व्हार्निश लागतच नाही. लोक घाईत 80 वरून थेट व्हार्निश मारतात, मग ओरखडे जास्तच उठून दिसतात.

सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "गो, लोकांची घरा सोन्यानाण्यान भरतत, तू करवंट्यांनी भर." आता त्याच शेजाऱ्यांकडून गोळा करून आणतात.

पावसाळ्यात हे सगळं बंद. जून ते सप्टेंबर करवंटीवर बुरशी धरते, लोकर कुबट वास मारते म्हणून मी सुती दोराच वापरते, आणि रंग दोन-दोन दिवस ओला. युट्यूबवर बघून 'एका तासात वाळतं' म्हणणारे नक्कीच वेंगुर्ल्यात राहत नाहीत.

आता माझा खरा नाद. सावंतवाडीला गेलात तर लोक चितार आळीतून लाकडी फळं, खेळणी घेतात आणि मोती तलावावर फोटो काढून परत येतात, पण राजवाड्यात जाच, तिथे कारागीर बसून गंजिफा रंगवताना बघायला मिळतात. ही कला जवळजवळ संपत आलेली, ती राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जगवली. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्कापासून दश्शापर्यंत. मत्स्याच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं. मी तिथे दीड तास नुसती उभी होते, नवरा बाहेर दोनदा चहा पिऊन आला.

घरी आल्यावर ठरवलं की आपणही करायचं, विकायला नाही, आपल्यासाठी. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, मी पण चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ केली. पहिल्या पंधरा चकत्या झुरळांनी खाल्ल्या. मग एका बाईंडिंगवाल्या काकांनी सांगितलं की खळीत चिमूटभर मोरचूद टाक, ते विषारी असतं म्हणून भांडं वेगळं ठेव आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नको. तेव्हापासून झुरळं आली नाहीत.

पत्ते रंगवताना टीव्ही अजिबात नाही, कसलाच नाही. एकदा समोर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' चालू होती, ओंकार भोजने आणि प्रभाकर मोरे, दोघंही आमच्या कोकणातले, मी कासवाची पाठ काढत होते, हसू फुटलं आणि कासवाला शेपूट आली ती पत्त्याच्या कडेपर्यंत.

तसं बघायला गेलं तर चित्रं बघत गोष्ट ऐकायची सवय आपल्याकडे टीव्हीने लावलेलीच नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, हाताने काढलेल्या चित्रांची पोथी पुढे धरायची, एकेक चित्र दाखवत गाऊन गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ला पद्मश्री मिळाली. मी तिथे गेले तेव्हा विणायची पिशवी बरोबर होती, ती उघडलीच नाही. माझ्या मापाने बघितलं तर उसवायचा प्रश्नच आला नाही, हात चाललेच नाहीत तर काय उसवणार.

तर पत्ते मी पहाटे करते, सगळे उठायच्या आधी. संध्याकाळी लाईट गेली की टीव्ही बंद होतो, घर शांत होतं, पण रंगवायला उजेडही नसतो ना, त्यामुळे ती वेळ वायाच. आत्तापर्यंत 31 झालेत, मत्स्य आणि कूर्म पूर्ण, वराह चालू आहे. मत्स्याचा दश्शा मी सासूबाईंना मोठ्या कौतुकाने दाखवला, दहा मासे, प्रत्येकाचे खवले वेगळे काढलेले. त्यांनी चष्मा लावून, पत्ता उजेडात धरून नीट बघितला आणि विचारलं, "हे बांगडे की तारले?"